शब्दाचा धनी



या स्मृतिव्याख्यानासाठी आपण मला बाजव्यास बोलावलेत, याबद्दल प्रथम आपले मनःपूर्वक आभार मानतो. ज्या शिक्षकाच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी एकत्र येता, त्याने आयुष्यभर मुलांना भाषा शिकवली. भाषेच्या शिक्षकाला याहून उचित अभिवादन कोणते करावे, याचा विचार करताना मी आजचा विषय निवडला: राजकारण, पत्रकारिता आणि जनसंपर्क या तीन व्यवसायांमधील माणसांची ये-जा. मराठीच्या निवृत्त प्राध्यापकाने या विषयात का पडावे, असा प्रश्न कोणाच्या मनात येईल. त्याचे उत्तर साधे आहे. हे तिन्ही व्यवसाय शब्दावर जगतात. दुसरा कोणताही कच्चा माल त्यांना लागत नाही. आणि या शाळेतून बाहेर पडलेली मुले आज या तिन्ही क्षेत्रांत असणार. उद्या आणखी जातील.

आपल्याकडे या ये-जा करणाऱ्यांविषयी बोलण्याची एक ठराविक रीत आहे. 'लोकसत्ता'चे संपादक राहिलेले विद्याधर गोखले १९८९ साली शिवसेनेतर्फे लोकसभेवर निवडून गेले. 'महाराष्ट्र टाइम्स'चे संपादक भारतकुमार राऊत २००८ साली शिवसेनेतर्फे राज्यसभेवर गेले. अनेक वृत्तपत्रांचे संपादक राहिलेले कुमार केतकर २०१८ साली काँग्रेसतर्फे राज्यसभेवर गेले. प्रत्येक वेळी काहींनी 'अखेर लेखणीला न्याय मिळाला' असे म्हटले, तर काहींनी 'लेखणी विकली' असे म्हटले. गंमत अशी की, एका वेळी पहिले वाक्य म्हणणारा दुसऱ्या वेळी दुसरे वाक्य म्हणतो, आणि ते कोणत्या पक्षाकडे पाहून म्हणतो हे सांगण्याची आवश्यकता नाही. याला विचार म्हणता येत नाही. ही केवळ आवडनिवड झाली.

माझे म्हणणे असे आहे की, एका व्यवसायातून दुसऱ्यात जाणे हा मुळात दोष नव्हे. तसे असते तर आपल्या आधुनिक इतिहासातील निम्मी मोठी माणसे दोषी ठरतील. विचारावयाचा प्रश्न वेगळा आहे. तो म्हणजे, बोलणाऱ्याच्या शब्दाचा धनी कोण? पुढारी बोलतो तो स्वतःच्या किंवा आपल्या पक्षाच्या मतासाठी. वृत्तपत्रकार लिहितो तो वाचकाच्या वतीने. जनसंपर्क अधिकारी लिहितो तो ज्याने नेमले त्याच्या वतीने. तिन्ही कामे प्रामाणिकपणे करता येतात. परंतु ऐकणाऱ्याला धनी कोण हे ठाऊक असले पाहिजे. एकाचे वेतन घेऊन दुसऱ्याच्या नावाने बोलणे सुरू झाले, की तेथे फसवणूक सुरू होते.

हा प्रश्न आपल्या कायद्यालाही पडलेला आहे. १८६७ च्या मुद्रणविषयक कायद्याने प्रत्येक छापील कागदावर मुद्रकाचे नाव घालणे बंधनकारक केले. वृत्तपत्राच्या प्रत्येक अंकावर संपादकाचे नाव छापलेच पाहिजे, ही तरतूद मात्र १९२२ साली आली. पुढे मालकाचे नावही आले. या कायद्याची जागा आता २०२३ च्या नव्या कायद्याने घेतली आहे. आपण वर्तमानपत्र वाचतो तेव्हा शेवटच्या पानाच्या तळाशी असलेली ती बारीक अक्षरांतील ओळ सहसा कोणी वाचत नाही. माझ्या मते विद्यार्थ्यांनी ती आधी वाचावी.

आता आपल्या परंपरेकडे पाहू. १८४८ पासून भाऊ महाजन यांच्या 'प्रभाकर' साप्ताहिकात 'लोकहितवादी' या नावाने पत्रे येऊ लागली. पुढे ती 'शतपत्रे' म्हणून प्रसिद्ध झाली. ती लिहिणारे गोपाळ हरी देशमुख हे इंग्रज सरकारचे नोकर होते आणि पुढे गुजरातेत न्यायाधीश झाले. त्यांनी टोपणनाव घेतले. तथापि त्यांची पत्रे वाचताना हा मनुष्य कोणाचे हित पाहतो याविषयी वाचकाला संभ्रम पडत नाही. स्वतःच्या समाजालाच ते फटकारतात, आणि ते फटकारणे कोणा धन्याच्या सोयीचे नव्हते. म्हणजे नाव झाकणे आणि धनी झाकणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हा भेद आपण ध्यानी ठेवावा. पुढे त्याचा उपयोग होईल.

बडोद्याकडे येऊ. या शहराला या विषयाचा जितका जुना आणि जितका विविध अनुभव आहे, तितका फार थोड्या शहरांना असेल. १८७४ साली मल्हारराव महाराजांच्या कारकिर्दीत दादाभाई नौरोजी बडोद्याचे दिवाण होते. त्याच्या दोन तपे आधी, १८५१ साली, त्यांनी 'रास्त गोफ्तार' हे गुजराती पत्र काढले होते. बडोद्याची दिवाणगिरी त्यांनी थोड्याच अवधीत सोडली आणि १८९२ साली ते ब्रिटिश पार्लमेंटचे सभासद झाले. पत्रकार, कारभारी, लोकप्रतिनिधी अशी ही वाटचाल. परंतु हिंदुस्थानच्या दारिद्र्याविषयीचे त्यांचे म्हणणे पदागणिक बदलले नाही. ज्याचे म्हणणे खुर्चीबरोबर बदलत नाही, त्याने कितीही खुर्च्या बदलल्या तरी आपल्याला त्याची भीती वाटत नाही.

दुसरे उदाहरण अधिक गुंतागुंतीचे आहे. १८९३ च्या आरंभी अरविंद घोष विलायतेहून येऊन बडोदे संस्थानच्या नोकरीत रुजू झाले. महसुली खात्यांतील कामे, महाविद्यालयात फ्रेंच व इंग्रजीचे अध्यापन, आणि त्याचबरोबर श्रीमंत सयाजीराव महाराजांची पत्रे व भाषणे यांचे मसुदे करणे, असे त्यांच्या कामाचे स्वरूप होते. मसुदे करण्याच्या या कामाला आज आपण जनसंपर्क म्हणू. त्याच वर्षीच्या ऑगस्टपासून मुंबईच्या 'इंदुप्रकाश'मध्ये त्यांची एक लेखमाला निनावी प्रसिद्ध होऊ लागली. त्या पत्राच्या इंग्रजी भागाचे संपादक केशवराव देशपांडे हे त्यांचे केंब्रिजपासूनचे मित्र. काँग्रेसच्या अर्जविनंत्यांच्या राजकारणावर तीत इतकी कठोर टीका होती की, न्यायमूर्ती रानडे यांनी पत्राच्या मालकांना सावध केले आणि पुढे लेखांची धार कमी झाली.

म्हणजे एकच लेखणी दिवसा महाराजांसाठी मसुदे करीत होती आणि एरवी राष्ट्रासाठी निनावी लेख लिहीत होती. हे योग्य झाले काय? मी दोन्ही बाजू मांडतो. महाराजांच्या भाषणाचा मसुदा कोणी केला हे श्रोत्यांना ठाऊक नसले, तरी भाषण महाराजांचे आहे आणि त्याची जबाबदारी महाराजांची आहे, हे सर्वांना ठाऊक होते. तेथे धनी स्पष्ट होता. 'इंदुप्रकाश'मधील लेखात नाव नव्हते. पण त्या लेखांतून संस्थानची तरफदारी चाललेली नव्हती. एका धन्याचे काम दुसऱ्याच्या पानावर झाले नाही. म्हणून मी याला दोष मानत नाही. तरीही हा दुहेरी संसार फार काळ चालण्यासारखा नव्हता, आणि तो चाललाही नाही. १९०६ साली अरविंदबाबूंनी बडोदे सोडले आणि कलकत्त्यास राष्ट्रीय महाविद्यालयात दीडशे रुपये वेतनावर काम पत्करले. त्याच वर्षी बिपिनचंद्र पाल यांनी काढलेल्या 'वंदे मातरम्' पत्राचे ते प्रमुख लेखक झाले. नोकरी सोडून त्यांनी आपल्या शब्दाचा धनी बदलला, आणि तो उघडपणे बदलला.

पुढची गोष्ट कायद्याच्या दृष्टीने मनोरंजक आहे. १९०७ साली 'वंदे मातरम्'वर खटला झाला तेव्हा सरकारला प्रश्न पडला की, याचा संपादक कोण? अंकावर संपादकाचे नाव छापण्याचे बंधन तेव्हा नव्हते. बिपिनचंद्रांनी साक्ष देण्यास नकार दिला म्हणून त्यांना सहा महिन्यांची कैद झाली. अरविंदबाबू पुराव्याअभावी सुटले. शिक्षा झाली ती मुद्रकाला. याच्या पुढच्याच वर्षी, १९०८ साली, 'केसरी'तील लेखांबद्दल लोकमान्य टिळकांवर खटला झाला. न्यायालयात टिळकांनी आपला बचाव स्वतः केला आणि संपादक या नात्याने त्या लेखांची पूर्ण जबाबदारी स्वीकारली. सहा वर्षांची शिक्षा झाली आणि ते मंडालेस गेले. परकीय सत्तेशी झगडणाऱ्या माणसांना एकाच मापाने मोजू नये, हे मी जाणतो. 'वंदे मातरम्'च्या मंडळींचा मार्ग लढ्याच्या गरजेतून आलेला होता. तरी संपादक म्हणजे शब्दाचे देणे फेडणारा मनुष्य, हा अर्थ मराठी मनावर ठसला तो १९०८ च्या खटल्याने.

टिळक पुढारी होते आणि संपादकही होते. १८९५ साली ते मुंबई कायदे कौन्सिलचे सभासद झाले तेव्हाही 'केसरी' त्यांच्या हाती होता. आजच्या काटेकोर कल्पनेप्रमाणे हा हितसंबंधांचा संघर्ष झाला. परंतु 'केसरी' हातात घेणाऱ्या प्रत्येक वाचकाला ते टिळकांचे पत्र आहे हे ठाऊक होते. याउलट लंडनच्या 'टाइम्स'चे व्हॅलेंटाइन चिरोल पाहा. ब्रिटिश परराष्ट्र कचेरीत त्यांनी नोकरी केली, मग 'टाइम्स'च्या परराष्ट्र विभागाचे प्रमुख झाले, १९१० साली हिंदी असंतोषावर त्यांचे पुस्तक निघाले आणि १९१२ साली सरकारने त्यांना हिंदुस्थानातील नोकऱ्यांविषयीच्या शाही आयोगावर नेमले. त्या पुस्तकाविरुद्ध टिळकांनी विलायतेत अब्रुनुकसानीचा दावा लावला आणि १९१९ साली ते तो हरले. सरकारी कचेरी, तटस्थ म्हणवणारे वृत्तपत्र आणि पुन्हा सरकारी आयोग, असा चिरोल यांचा प्रवास. टिळकांचा पक्ष उघड होता. चिरोल यांचा पक्ष तटस्थतेच्या पोशाखात होता. वाचकाला अधिक धोका कोणाकडून, हे मी आपल्यावर सोपवतो.

याच बडोद्यात १९२१ साली भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष नरसिंह चिंतामण केळकर होते. 'केसरी'चे संपादकपद, पुणे नगरपालिकेचे अध्यक्षपद आणि मध्यवर्ती कायदेमंडळाचे सभासदत्व, हे सारे त्यांनी आयुष्यात सांभाळले. पुढे आचार्य अत्रे यांनी संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यासाठी १५ नोव्हेंबर १९५६ रोजी 'मराठा' दैनिक काढले आणि १९५७ साली ते विधानसभेवर निवडून गेले. 'मराठा' कोणाच्या बाजूचा आहे, असे कोणी विचारले असते तर अत्र्यांनी त्याला हसून वाटेला लावले असते. ही पत्रे पक्षपाती होती, प्रसंगी अन्यायीही होती. परंतु फसवी नव्हती.

आता तिसऱ्या व्यवसायाकडे वळतो. जनसंपर्क हा शब्द नवा असला तरी त्याची गरज जुनी आहे. १२ डिसेंबर १९११ रोजी दिल्ली दरबारात सयाजीराव महाराजांनी बादशहांना एकदाच लवून मुजरा केला आणि पाठ फिरवून ते परतले. विलायतेतील वृत्तपत्रांनी गहजब केला. दरबाराचे चलच्चित्र लंडनमध्ये दाखवले गेले आणि तो क्षण लोकांनी डोळ्यांनी पाहिला. महाराजांना व्हाइसरॉय लॉर्ड हार्डिंज यांना दिलगिरीचे पत्र पाठवावे लागले, आणि ते प्रसिद्धही झाले. शाळा काढणारा, सक्तीचे शिक्षण आणणारा, ग्रंथालये उभारणारा राजा जगाला काही क्षणांच्या चित्रातून दाखवला गेला. अशा वेळी आपली बाजू नीट सांगणारा कोणी असावा, असे कोणालाही वाटेल. जनसंपर्काचे न्याय्य स्थान हे आहे.

या व्यवसायाचे एक आद्य पुरुष आयव्ही ली हे अमेरिकेतील बातमीदार. १९०६ साली कोळसा खाणमालकांचे काम करताना त्यांनी एक जाहीरनामा काढला. त्याचे सार असे होते की, आमचे काम उघड आहे, आम्ही कोणाच्या वतीने बोलतो ते सांगू आणि माहिती अचूक देऊ. तत्त्व उत्तम होते. परंतु १९१४ साली लडलो येथील खाणकामगारांच्या हत्याकांडानंतर रॉकफेलर यांच्यासाठी याच गृहस्थांनी काढलेल्या पत्रकांत चुकीची माहिती आढळली. तत्त्व लिहिणे सोपे आणि धन्यासमोर पाळणे अवघड, हे या व्यवसायाच्या जन्मापासूनच सिद्ध झालेले आहे. आपल्या देशात १९५८ साली जनसंपर्क व्यावसायिकांची राष्ट्रीय संस्था स्थापन झाली, आणि सरकारी उद्योग वाढले तसतसा हा व्यवसायही वाढला.

तिन्ही क्षेत्रांत फिरलेल्या माणसाचे एक स्वच्छ उदाहरण म्हणून मी बी. जी. व्हर्गीज यांचे नाव घेईन. ते 'टाइम्स ऑफ इंडिया'त होते. १९६६ साली पंतप्रधान इंदिरा गांधी यांचे माहिती सल्लागार झाले. १९६९ साली 'हिंदुस्तान टाइम्स'चे संपादक झाले. पंतप्रधानांच्या कचेरीतून आलेला संपादक त्यांचीच री ओढील, असा लोकांचा अंदाज असणार. प्रत्यक्षात त्यांनी सिक्कीमविषयीच्या सरकारी धोरणावर टीका केली आणि १९७५ साली आणीबाणीत त्यांचे संपादकपद गेले. १९७७ साली त्यांनी केरळातून लोकसभेची निवडणूक लढवली आणि ते हरले. १९८२ साली ते 'इंडियन एक्स्प्रेस'चे संपादक झाले. जेथे होते तेथे ते त्या पदाचे होते. माहिती सल्लागार असताना ते स्वतःला संपादक म्हणवीत नव्हते, आणि संपादक असताना त्यांनी सल्लागाराचे काम केले नाही. ये-जा कशी करावी, याचा हा वस्तुपाठ आहे.

याच्या अगदी उलट टोक आपण महाराष्ट्रात २००९ च्या विधानसभा निवडणुकीनंतर पाहिले. पी. साईनाथ यांनी 'द हिंदू'मध्ये दाखवून दिले की, निरनिराळ्या वृत्तपत्रांत एकच मजकूर निरनिराळ्या नावांनी छापलेला होता. पैसे देऊन छापलेल्या या मजकुराला 'पेड न्यूज' हे नाव मिळाले आणि २०१० साली प्रेस कौन्सिलच्या उपसमितीने त्याचा विस्तृत अहवाल तयार केला. येथे कोणी व्यवसाय बदलला नव्हता. पत्रकार पत्रकाराच्याच जागी होता, पुढारी पुढाऱ्याच्या जागी होता. बदलला होता तो फक्त शब्दाचा धनी, आणि तो वाचकाला न सांगता. लोकहितवादींच्या वेळी नाव झाकलेले आणि हेतू उघडा. येथे नाव उघडे आणि धनी झाकलेला. म्हणूनच मी म्हणतो की, कोण कोठून कोठे गेला यावर आपण फार बोलतो, आणि न हलता विकल्या गेलेल्या शब्दाकडे आपले लक्ष जात नाही.

हे सारे बाजव्यात का सांगावयाचे? बडोद्याहून अहमदाबादकडे निघालेली गाडी पहिल्यांदा या स्थानकावरून जाते, आणि प्रवासी खिडकीतून पाहतो तो खत कारखान्याचा आणि रसायन उद्योगाचा परिसर. एकोणीसशे साठच्या दशकापासून या परिसराचे अन्न या कारखान्यांनी चालवले आहे. येथील अनेक घरांत, त्यांत मराठी घरेही आली, पाळीच्या भोंग्यावर स्वयंपाक झालेला आहे. अशा ठिकाणी शब्द खरा असणे हा केवळ वाङ्मयीन प्रश्न राहत नाही.

भोपाळच्या राजकुमार केसवानी यांचे स्मरण मला येथे करावेसे वाटते. त्यांनी १९८२ साली आपल्या 'रपट' या लहानशा साप्ताहिकातून तेथील कीटकनाशक कारखान्याच्या धोक्याचा इशारा दिला. १९८४ च्या जूनमध्ये 'जनसत्ता'तूनही दिला. कोणी लक्ष दिले नाही. २ डिसेंबर १९८४ च्या रात्री वायू सुटला, हजारो माणसे गेली. आसपासच्या वस्तीला अशा वेळी काय करावे, हे कोणी सांगितलेलेच नव्हते. त्यानंतर १९८७ साली कारखाने अधिनियमात दुरुस्ती झाली आणि धोकादायक उत्पादनाची माहिती कामगारांना व आसपासच्या जनतेला देणे हे कारखान्याचे कायदेशीर कर्तव्य ठरले. म्हणजे जनसंपर्क अधिकाऱ्याला आता दोन धनी आहेत: एक त्याला वेतन देणारा, आणि दुसरी कुंपणाबाहेरची वस्ती.

माझा एक विद्यार्थी काही वर्षे बातमीदार होता आणि नंतर एका कारखान्याच्या जनसंपर्क कचेरीत गेला. कोणत्या, ते सांगण्याचे कारण नाही. एका रात्री आसपासच्या लोकांना घशात जळजळ जाणवली. सकाळी त्याला सांगण्यात आले की, 'काहीही घडलेले नाही' असे पत्रक काढावयाचे आहे. तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, "सर, शुद्धलेखन तपासून द्या." शुद्धलेखनासाठी तो आलेला नव्हता, हे मला दिसत होते. मी त्याला म्हटले, "तू बातमीदार असतास तर या पत्रकाला कोणते प्रश्न विचारले असतेस? त्यांची उत्तरे आधी लिही." त्याने लिहिले: वायू किती वाजता सुटला, तो कोणता, गळती केव्हा थांबली, आणि त्रास झालेल्यांनी कोठे जावे. वरिष्ठांनी त्यातील दोन वाक्ये गाळली; पण दवाखान्याचा पत्ता आणि वेळ राहिली, आणि 'काहीही घडलेले नाही' हे वाक्य गेले. त्याची बढती पुढे लांबली. आजही तो त्याच कामात आहे, आणि त्याचे पत्रक आले की बातमीदार ते पुन्हा पडताळल्याशिवायही छापतात, असे मी ऐकतो. पडताळावे, हे खरे. पण हा विश्वास त्याने एका सकाळी मिळवलेला आहे. जुन्या व्यवसायाची सवय नव्या व्यवसायात नेण्यात लाज नाही. उलट ये-जा करणाऱ्याची तीच खरी पुंजी आहे.

माजी विद्यार्थ्यांना आणि आज येथे बसलेल्या मुलांना मी एवढेच सांगेन. तुम्ही निवडणूक लढवा, वर्तमानपत्रात जा, कंपनीचे प्रवक्ते व्हा. एकातून दुसऱ्यात जावेसे वाटले तर खुशाल जा. जाताना जुन्या जागेचा राजीनामा आधी द्या आणि नवी जागा नंतर स्वीकारा. जुन्या ओळखींचा उपयोग नव्या धन्यासाठी करताना आपण आता कोणाचे आहोत ते समोरच्याला सांगा. आणि जेथे असाल तेथे, ज्या वाक्याखाली स्वतःचे नाव घालण्यास मन तयार होत नाही, ते वाक्य दुसऱ्याच्या नावाने लिहिण्यापूर्वी एक रात्र थांबा. आता हातातल्या यंत्रावर कोणीही क्षणात लिहितो, पुढे पाठवतो, आणि मजकुराच्या तळाशी ती बारीक अक्षरांची ओळ कोठेच नसते. तेव्हा ती ओळ वाचणाऱ्यानेच मनात शोधावयाची आहे: हे कोण बोलते आहे, आणि कोणासाठी?

भाषेच्या शिक्षकाचे काम मुलांना सुंदर लिहावयास शिकवणे हे आहे, असे समजले जाते. ते आहेच. परंतु वाक्याचा कर्ता कोण, हा व्याकरणातील पहिला प्रश्नही तोच शिकवतो. ज्यांच्या स्मरणार्थ आपण जमलो, त्यांनी हा प्रश्न कितीतरी पिढ्यांना फळ्यापाशी उभे करून विचारला असेल. वर्गाबाहेरही तो विचारीत राहणे, हे त्यांच्या विद्यार्थ्यांचे काम आहे.